आजोबांच्या डब्यातली ब्रिटिश नाणी : खरी का, आणि किती रुपयांची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत पत्र्याचा डबा सापडला, त्यात 1917 ची सोन्याची गिन्नी, 1905 आणि 1948 चे दोन हाफ क्राऊन, त्रिशूळ धरलेल्या बाईचा 1902 चा मोठा डॉलर आणि चाळीसेक काळ्या पेन्या आहेत. ही खरी आहेत का, किती येतील आणि विकण्याआधी चकचकीत करून घ्यावीत का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे एका दुपारीत नुकसान होतं. काहीही घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा, यातलं काहीच नको. तांब्याच्या भांड्याला जे चालतं ते नाण्याला चालत नाही. चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर नेतं आणि त्याबरोबर धातूचा अगदी वरचा पदरही नेतं. मग पेनी गुलाबीसर, मेलेल्या रंगाची दिसते. जाणकार ती हातात न घेताच ओळखतो आणि भाव तिथेच पडतो.

आता मुख्य भाग. बहुतेक लोक नाणी घेऊन थेट सराफाकडे जातात. सराफ कसोटीवर घासतो किंवा मशिनमध्ये ठेवून टंच सांगतो आणि आपण समजतो की नाणं खरं ठरलं. तसं ते ठरत नाही. सराफाचं उत्तर धातूपुरतं असतं. पूर्ण 22 कॅरेट सोन्याच्या खोट्या गिन्न्या विसाव्या शतकाच्या मध्यावर मध्यपूर्वेत भरपूर बनल्या, कारण गिन्नीला सोन्याच्या भावापेक्षा जास्त पैसे मिळत. उलट बाजूने, शंभर टक्के खऱ्या पेनीला भंगारापेक्षा फारसं मोल नसतं. म्हणून धातू कोणता, नाणं टांकसाळीतलं का आणि ते दुर्मीळ का, हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवा.

साधनं फार लागत नाहीत. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (स्टीलचा कडेला ओरखडे पाडतो), दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक चुंबक आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबल लॅम्प. काट्यासोबत तपासणीचं वजन येतं, ते आधी ठेवून बघा, नाहीतर काट्याची चूक नाण्याच्या माथी बसते. नाणं कडेला दोन बोटांत धरा आणि खाली दुमडलेला टॉवेल ठेवा. फरशीवर एकदा पडलेली गिन्नी पुन्हा तशी होत नाही.

गिन्नीपासून सुरुवात करू. आपल्याकडे घरोघर जिला गिन्नी म्हणतात ती खरं तर सॉव्हरिन, 1817 पासून पाडलेली. मूळ गिन्नी हे तिच्या आधीचं, 1663 मध्ये सुरू झालेलं आणि साधारण 8.4 ग्रॅमचं वेगळं नाणं. नेटवर भाव शोधताना हा घोळ झाला तर भलतेच आकडे समोर येतात.

सॉव्हरिनचं ठरलेलं वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर, सोनं 22 कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. ब्रिटिश कायद्याने चलनात चालण्यासाठी किमान वजनही ठरवलं होतं, ते 7.938 ग्रॅम. थोडी वापरलेली गिन्नी 7.94 ते 7.99 च्या मध्ये यायला हवी. 7.80 आली तर ती घासलेली, कापलेली किंवा खोटी. 8.05 आली तर मला जास्त शंका येते, कारण झिजेने वजन कमी होतं, वाढत नाही. गळ्यातल्या माळेसाठी कडी लावली असेल तर डाखेचं वजन धरावं लागेल. कडी काढली तरी डाखेची खूण राहते आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणं खराबच धरलं जातं.

पुढची तपासणी पाण्याची. काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा आणि काटा शून्य करा. शिवणाच्या दोऱ्याने गिन्नी बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकवू नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. काट्यावर आता बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन दिसेल. गिन्नीसाठी ते 0.45 ते 0.46 ग्रॅम यायला हवं, कारण या सोन्याची घनता साधारण 17.5 आहे. स्वस्त काटा शतांशाच्या घरात एक-दोन आकडे इकडेतिकडे दाखवेल, त्याने घाबरू नका. मुलामा दिलेलं पितळ त्याच वजनाला 0.9 च्या वर जातं आणि शिसं 0.7 च्या आसपास, म्हणजे फरक लपण्यासारखा नाही. सराफाच्या मशिनपेक्षा या चाचणीवर माझा भरवसा जास्त. मशिन फक्त वरचा थर वाचतं, जाड मुलामा त्याला फसवू शकतो. कसोटीवर घासणं मात्र मुळीच नको, तो ओरखडा कायमचा राहतो.

वजन आणि पाणी, दोन्हींत पास झाली तर एवढंच कळलं की ती सोन्याची आहे. आता भिंग घ्या. सेंट जॉर्जच्या, म्हणजे घोडेस्वार संताच्या, बाजूला तळाशी वर्ष आहे, त्याच्या वर घोड्याच्या पायांखालची जमीन दाखवणारी आडवी पट्टी आहे. या पट्टीवर, वर्षाच्या बरोबर मधोमध, टांकसाळीचं बारीक अक्षर असतं. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी कॅनडातलं ओटावा, एसए दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया आणि आय म्हणजे इंडिया, आपली मुंबई. मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन फक्त 1918 मध्ये पाडल्या, सुमारे 13 लाख. पंचम जॉर्जच्या गिन्नीवर आय अक्षर असून वर्ष 1918 सोडून दुसरं असेल तर ती खोटी, पुढे तपासायची गरजच नाही. अक्षर नसेल तर नाणं लंडनचं.

तुमच्या 1917 च्या गिन्नीत सगळी मेख इथेच आहे. 1917 ची सिडनीची किंवा पर्थची गिन्नी सर्वसाधारण समजली जाते, सोन्याच्या भावाच्या थोडी वर जाते. लंडनची 1917 मात्र दुर्मीळ, कित्येक पट महाग. त्यामुळे साध्या 1917 वरचं अक्षर खरवडून तिला लंडनची बनवण्याचा उद्योग जुना आहे आणि ‘लंडन 1917’ म्हणून पाडलेल्या पूर्ण खोट्याही आहेत. तुम्हाला अक्षर दिसत नसेल तर लगेच आनंद नको. दिवा नाण्याच्या पातळीला आणा म्हणजे प्रकाश आडवा पडेल आणि ती पट्टी नीट बघा. अक्षर काढलेल्या जागी बारीक खोलगट भाग, आजूबाजूपेक्षा वेगळी चकाकी किंवा समांतर ओरखडे दिसतात. मूळ पट्टीवर असा एकच ठिपक्याएवढा भाग वेगळा दिसत नाही. आणखी एक सोपा नियम: लंडनला 1918 ते 1924 या काळातल्या वर्षांच्या सॉव्हरिन पाडल्याच नाहीत. त्या वर्षांपैकी एखादं वर्ष असून अक्षर नसेल तर ती खोटी किंवा खरवडलेली.

मग ठशाची सफाई. वर्षाच्या उजवीकडे कडेजवळ बीपी ही अक्षरं आहेत, ती सेंट जॉर्जची आकृती घडवणाऱ्या बेनेडेट्टो पिस्त्रुचीची. राजाच्या मानेच्या कापलेल्या कडेवर बीएम आहे, ते बर्ट्रम मॅकेनलचं. खऱ्या नाण्यात ही इवलीशी अक्षरंही धारदार असतात. खोट्यात ती साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट दिसतात, घोड्याच्या लगामाच्या रेषा एकमेकींत मिसळतात. रेघ वर आलेली आहे की आत गेलेली, हे बघायची सवय लावा. आत गेलेला ओरखडा म्हणजे नाण्याला नंतर झालेली इजा, त्याने खरेपणाला बाधा येत नाही. मोकळ्या जागेत वर आलेले फोड किंवा रेघा म्हणजे नाणं पाडणाऱ्या ठशातच खड्डे होते, आणि एका खऱ्या नाण्यावरून उतरवलेल्या ठशात असे खड्डे हमखास राहतात. शेवटी नाणं वरखाली न करता डावीकडून उजवीकडे उलटा. पंचम जॉर्जच्या सॉव्हरिनवर राजा सरळ असेल तर घोडाही सरळच दिसायला हवा, तिरका नाही.

आता डॉलर. त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूप, आणि हा ब्रिटिश ट्रेड डॉलर. इंग्लंडात तो चालत नसे, हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या व्यापारासाठी होता. 1895 पासून तो मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला, म्हणून आजोबांचं बोटीवरचं आयुष्य आणि हे नाणं यांचा मेळ बसतो. त्रिशूळाच्या मधल्या दात्यावर बी असेल तर तो मुंबईचा. दुसऱ्या बाजूला चिनी लिपी आणि अरबी वळणाची मलय लिपी, दोन्हींत एक डॉलर लिहिलेलं असतं. वजन 26.96 ग्रॅम, चांदी 90 टक्के, व्यास साधारण 39 मिलिमीटर. या नाण्याच्या खोट्या प्रती सगळीकडे भरून आहेत, पण बहुतेक आळशीपणे केलेल्या असतात. काही चुंबकाला चिकटतात, काही वीस-बावीस ग्रॅमच भरतात. पाण्याच्या चाचणीत खरा डॉलर सुमारे 2.6 ग्रॅम पाणी सारतो, तांबं-निकेलचा 3 च्या आसपास. नाण्यावर बारीक चिनी शिक्के मारलेले दिसले तर घाबरू नका. चिनी व्यापारी आणि सावकार तपासलेल्या चांदीवर असे ठसे उठवत. काही संग्राहकांना ते आवडतात, काहींना नाही, पण ते खोटेपणाचं लक्षण नव्हे.

हाफ क्राऊनचं उत्तर त्यावरचं वर्षच अर्धं देऊन टाकतं. ब्रिटनमध्ये 1920 पूर्वीच्या चांदीच्या नाण्यांत 92.5 टक्के चांदी, 1920 ते 1946 मध्ये 50 टक्के, आणि 1947 पासून अजिबात नाही, फक्त तांबं-निकेल. तुमचा 1948 चा हाफ क्राऊन चांदीचा नाही. काट्यावर हे कळत नाही, कारण धातू बदलला तरी वजन तेच ठेवलं होतं: हाफ क्राऊन 14.14 ग्रॅम, शिलिंग 5.66, फ्लोरिन 11.31, क्राऊन 28.28. गंमत म्हणजे ही वजनं किमतीच्या प्रमाणात आहेत. दोन शिलिंग एका फ्लोरिनएवढे भरतात, दोन हाफ क्राऊन एका क्राऊनएवढे. आकडे पाठ नसले तरी हा हिशेब जागेवर करता येतो.

1905 चा हाफ क्राऊन मात्र जपून ठेवा. सातव्या एडवर्डच्या काळातलं हे सगळ्यात कमी पाडलेलं वर्ष, एकूण फक्त 1,66,008 नाणी. महाग आहे म्हणून खोटाही बनतो. इथे मी वजन आणि झीज एकत्र बघतो. राजाचा कान, दाढी आणि मागच्या ढालीवरचे सिंह सपाट झालेले असतील तर नाणं 13.6 ते 13.9 च्या घरात उतरायला हवं. तोंड गुळगुळीत झालेलं आणि काट्यावर मात्र बरोबर 14.14, असं असेल तर झिजलेल्या खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन नवीन धातू ओतल्याची शक्यता मोठी. ओतीव नाण्याच्या कडेवर, कंगोऱ्यांच्या मध्ये, बारीक जोडरेघ किंवा ती घासून काढल्याची खूण शोधा. मोकळ्या जागेत टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं दिसतील, ते हवेचे बुडबुडे. शेवटचा 5 दुसऱ्या आकड्यावरून कोरलेला नाही ना, हे पाहायला त्याच्या भोवतीचा भाग 9 आणि 0 च्या भोवतालाशी ताडून बघा. आवाजाची परीक्षा, म्हणजे टिचकी मारून टण्ण वाजतं का बघणं, शिशाची ओतीव नाणी पकडायला बरी. पण तडा गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, म्हणून एकट्या आवाजावर निकाल देऊ नका.

पेन्यांत फार अडकू नका. 1860 पासून त्या काशाच्या, वजन 9.45 ग्रॅम, व्यास 30.8 मिलिमीटर. त्या कोट्यवधींनी पाडल्या गेल्या, झिजलेल्या बहुतेक पेन्यांना किरकोळ भाव. तरी डबा विकण्याआधी काही गोष्टी चाळून घ्या: 1869 आणि 1871 ही वर्षं, आणि 1912, 1918, 1919 मध्ये वर्षाच्या डावीकडे बारीक एच किंवा केएन. हे बर्मिंगहॅममधल्या खासगी टांकसाळींचे शिक्के, आणि 1918-19 चा केएन चांगल्या अवस्थेत क्वचित मिळतो. 1933 ची निघाली तर ती खोटी किंवा कोरलेली धरूनच चला. खऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पंचम जॉर्जच्या पेनीत एक फसवी गोष्ट आहे. राजाचं डोकं मोठं आणि उठावदार असल्यामुळे पाडताना धातू तिकडे ओढला जाई आणि मागच्या ब्रिटानियाचा चेहरा पुसट येई. ती झीज नव्हे. राजाच्या भुवया आणि मिशी धारदार असताना ब्रिटानिया पुसट असेल तर नाणं कमी वापरलेलंच समजा.

काळा किंवा तपकिरी एकसारखा थर हा पेनीचा दागिना आहे, तो राहू द्या. पावडरीसारखा पसरत जाणारा हिरवा कळंक वेगळा, तो धातू खातो. जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे येणारा चिकट हिरवट थर मात्र काढता येतो. शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या, नाणं काही मिनिटं बुडवून ठेवा, न घासता बाहेर काढून हवेवर वाळवा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे अ‍ॅसिटोन नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतात. कोकणातल्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्यात त्या बदला.

किमतीचा हिशेब दोन टप्प्यांत करा. आधी धातू. गिन्नीसाठी 7.32 गुणिले त्या दिवशीचा 24 कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव. भाव 10,000 धरला तर 73,200 रुपये. याच्या खाली कोणी मागत असेल तर तो तुमची गिन्नी मोडीत घेतोय. 1905 च्या हाफ क्राऊनमध्ये, झीज धरून, सुमारे 12.7 ग्रॅम शुद्ध चांदी आहे. हा झाला तळ. त्यावर काय चढतं ते टांकसाळ, वर्ष आणि अवस्थेवर, आणि इथे फोटो न बघता कोणी आकडा सांगत असेल तर तो अंदाज आहे. तेच नाणं झिजलेलं आणि टांकसाळीची मूळ तकाकी असलेलं, यांत किमतीचा फरक कित्येक पटींचा पडतो. भाव बघताना लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे बघा, विक्रेत्याने मागितलेले नाहीत. विलायती भावपुस्तिकांतले आकडे व्यापारी ज्या दराने विकतो त्याचे असतात, तुम्हाला त्याहून बरेच कमी मिळतील. तो लबाडी करत असतो असं नाही, त्याचाही खर्च आणि गुंतवणूक असते.

विकताना दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यामुळे लंडनच्या लिलावात मिळणारा भाव बघून ती कुरिअरने परदेशी धाडू नका, परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमची 1902, 1905 आणि 1917 ही तिन्ही त्यात बसतात. दुसरं, ‘जुन्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा खुद्द बँकेने 2021 मध्ये दिला होता. याच डब्यात पुढेमागे रामपंचायतनाचं चित्र आणि 1818 हे साल असलेली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची नाणी निघाली आणि कोणी ती तांदळाचे दाणे चुंबकासारखे खेचतात म्हणाला, तर तीही त्याच जातीची फसवणूक आहे. कंपनीने तसलं नाणं कधी पाडलंच नाही.

तुमच्या डब्यात पैशाच्या दृष्टीने बघण्यासारखी तीनच नाणी आहेत: गिन्नी, 1905 चा हाफ क्राऊन आणि डॉलर. त्यांची वजनं आणि पाण्याचा आकडा लिहून टाका. सोबत दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात, नाणं चौकटभर येईल असे. गिन्नीचा एक जास्तीचा फोटो वर्षाच्या वरच्या पट्टीचा, भिंगातून. तिथे अक्षर आहे की नाही, आणि नसेल तर पट्टी सपाट आहे की खोलगट, एवढ्यावर तुमच्या डब्यातला सगळ्यात मोठा आकडा ठरणार आहे.